बेचाळीस चिठ्ठ्या

दरवर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक खडू वर फेकते. फार उंच नाही, पंख्याला लागणार नाही इतपत. तो परत हातात आला की विचारते, "अगदी वर पोचला तेव्हा वेग किती होता?" पोरं म्हणतात, शून्य. ते बरोबर असतं. मग विचारते, "आणि अॅक्सिलरेशन?" म्हणजे त्वरण, वेग किती झपाट्यानं बदलतोय ते. पोरं तितक्याच जोरात पुन्हा म्हणतात, शून्य.

मग मी दुसरा खडू चिमटीत धरून वर करते. "वेग शून्य, आणि तो बदलणारंही काही नाही. मग खडू तिथंच लटकून राहायला पाहिजे होता. राहिला?"

त्यानंतर दोन-तीन सेकंद वर्ग गप्प होतो. आपण जन्मभर वस्तू पडताना बघितल्या आणि तरी काहीच बघितलं नाही, हे साठ पोरांना एकदम कळतं. उदगीरच्या कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलं ते त्या दोन-तीन सेकंदांसाठी. पेपर तपासणं, हजेरी, मीटिंगा, हे सगळं त्याच्या बदल्यात सोसायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी खडू फेकला, झेलला, आणि विचारलं, "आणि अॅक्सिलरेशन?"

"जी, मॅडम. खाली," सगळा वर्ग म्हणाला. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. दुसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं तर जांभई देत म्हटलं.

"कशावरून?"

"हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात पडेपर्यंत सारखंच वाटतं की मॅडम. वरी गेल्यावर काही वेगळं होत नाही."

"वाटतं? कुणाला वाटतं?"

"आम्हाला. पट्ट्यात. उन्हाळी वर्गात विनीत सरांनी खडू केलते आम्हाला."

दुसरा खडू माझ्या चिमटीतच राहिला. फळ्याकडे वळून मी तारीख लिहिली, जी आधीच लिहिलेली होती. घरी आल्यावर मी सांगितलं की पोरांचा उद्धटपणा बघून मला राग आला. खोटं होतं ते. मला हेवा वाटला होता, आणि तो इतका कडकडीत होता की रात्रीचं जेवण गेलं नाही.

विनीत बिराजदार माझाच विद्यार्थी. बारा वर्षांपूर्वी त्याच वर्गात, खिडकीजवळ बसायचा. खडूच्या प्रश्नानंतर बाकीचे दोन-तीन सेकंदांत भानावर आले होते, हा पोरगा तास संपेपर्यंत छताकडे बघत बसला होता. पुढं शिकून आला, आमच्याच विभागात लागला, आणि एका कंपनीचे साठ तोलपट्टे कॉलेजला मिळवून दिले. मला वाकून नमस्कार करून त्यानं प्रयोगशाळेचं दार उघडलं होतं. "मॅडम, तुम्ही जे सांगायचात ना, ते आता पोरांना लागायलंय," असं म्हणाला होता. त्याला वाटलं मी खूश होईन.

पट्ट्याची करामत साधी आहे. आपल्या कानाच्या आत, खोलवर, चुनखडीचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. आपण पुढे निघालो की ते कण जरा मागे रेंगाळतात, त्यांच्याखालचे केस वाकतात, आणि मेंदूला खबर जाते की निघालो. लिफ्ट वर गेली, एसटीनं ब्रेक मारला, झोका खाली आला, सगळ्याची खबर हेच कण देतात. तोलपट्टा कपाळावरून कानामागे बसतो आणि अगदी सौम्य वीजप्रवाहानं तिथल्या नसांना खोटी खबर देतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'एक ठोकळा तीस अंशांच्या उतारावरून घसरतो.' पट्टा लावला की डोळे मिटून खुर्चीत बसलेलं पोरगं तो ठोकळाच होतं. वर फेकलेला खडू व्हायचं असेल तर पट्टा वजनाची खबर पुसून टाकतो. खुर्चीचा दाब असतोच, पण डोळे मिटलेले असले की मेंदू कानाचं ऐकतो.

ते कण खडूच्याच जातीचे असतात, हे वाचून माझी आणखीच चिडचिड झाली.

गावात पट्ट्याची हवा झाली. उदगीरच्या रस्त्यांवर गतिरोधक आला की मोटरसायकलवर मागं बसलेली पोरं ओरडायला लागली, "अर्धा जी!" झोक्यावरची पोरगी, "दीड जी गं, दीड!" त्यात प्रवेश परीक्षेचाही नमुना बदलला होता. आकडेमोड यंत्रं करतात, तर पोरांची समज तपासा, म्हणून 'अंदाज' नावाचा विभाग आला. चाळीस प्रश्न, एकेकाला वीस सेकंद, कागद-पेन बंद. पट्टेवाली पोरं वीस सेकंदांतले पंधरा राखून उत्तर देत. माझी पोरं मात्र वीस सेकंद मनातल्या मनात बाण काढत बसत.

बाण हा माझा दुसरा हट्ट. ठोकळा काढा, त्याच्यावर काय-काय लागू आहे त्याचे बाण काढा, मग तोंड उघडा. बाणाशिवाय उत्तर बरोबर आलं तरी मी गुण देत नसे. विनीतच्या तुकडीत कुणी बाण काढत नव्हतं.

आता ऊर्मीचं सांगते.

ऊर्मी माझी एकुलती एक. तिचे बाबा कृषी खात्यात, कायम बदलीच्या गावी, शनिवार-रविवारपुरते घरात. त्यामुळे घर म्हणजे आम्ही दोघी. ती पाचवीत असताना एकदा डबा खाऊन येईना, म्हणून मी पोळीच्या गुंडाळीखाली एक चिठ्ठी ठेवली. 'विहिरीत दगड टाकला, दोन सेकंदांनी आवाज आला. विहीर किती खोल?' संध्याकाळी रिकाम्या डब्यात चिठ्ठी परत आली. मागच्या बाजूला विहीर काढलेली, दगडावर खाली जाणारा बाण, आणि उत्तर साफ चुकलेलं. त्या दिवसापासून रोज डब्यात एक चिठ्ठी. सात वर्षं. तेलाचे डाग पडलेल्या त्या चिठ्ठ्या मी कपाटात बिस्किटांच्या डब्यांत ठेवल्यात. सातवीत तिनं एका चिठ्ठीमागं लिहिलं होतं, 'मला यान सोडायच्या शाळेत जायचंय.' म्हणजे दक्षिणेतली ती अवकाशविज्ञानाची संस्था. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. तिथं जायचं तर प्रवेश परीक्षेत देशात पहिल्या काही शेकड्यांत यावं लागतं.

त्याच वर्षी, बारावीच्या जुलैत तिनं मला विचारलं, "आई, मी विनीत सरांच्या तुकडीत जाऊ?"

"का? माझ्या तुकडीत काटे आहेत?"

"तसं नाही गं. अंदाजात मी मागं पडायलेय. तिथली पोरं न बघता सांगतात."

"जा की. मला काय विचारतेस?"

"तू चिडलीस."

"मी कशाला चिडू?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी ठेवली ती परत आली, पण मागे नुसतं उत्तर. बरोबर उत्तर, बाण नाही. आठवडाभर तसंच. मग एक दिवस उत्तरही नाही, चिठ्ठी घडी घातली होती तशीच्या तशी, एका कोपऱ्याला चटणी. मी चिठ्ठ्या बंद केल्या नाहीत. बंद केल्या असत्या तर मी हरले हे दिसलं असतं, आणि हरण्यापेक्षा रोज एक कागद वाया घालवणं मला परवडणारं होतं. जेवताना ती विनीत सर असं म्हणाले, विनीत सर तसं म्हणाले, असं सांगायची. मी भाजी वाढायची. माझ्या पोरीला माझ्याच विद्यार्थ्यानं माझ्याकडून नेलं होतं, आणि दोघंही माझ्याशी इतकं चांगलं वागत होते की भांडायलाही जागा नव्हती.

बोर्डाची परीक्षा झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्यात नवा धडा आला, टकरीचा. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी विनीत लातूरला गेला होता, पोरं जेवायला गेली होती. किल्ली विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे असतेच. मी प्रयोगशाळेत गेले, आतून कडी लावली आणि एक पट्टा डोक्याला बांधला. हसू नका. नवऱ्याचा फोन तपासणाऱ्या बायका असतात ना, तशीच मी त्या दिवशी होते.

आधी खडू लावला. डोळे मिटले. कुणीतरी मला खालून जोरात वर ढकललं, अंग जड झालं, आणि मग हात सुटला. हात सुटला आणि माझं वजन गेलं. वर जात असताना गेलं, सगळ्यात वर गेलं, खाली येताना गेलं; कुठं वळण नाही, कुठं थांबा नाही, एकच एक मोकळं वाटणं. वर पोचलेला क्षण कधी येऊन गेला हे मला कळलंसुद्धा नाही. मग पुन्हा हात आला.

मी रडले. जी गोष्ट मी अठ्ठावीस वर्षं सांगत होते, ती मला माहीतच नव्हती. मला फक्त तिचं उत्तर माहीत होतं. आणि सतरा वर्षांच्या पोरांना ती जांभई देता-देता मिळाली होती. हेवा कमी होईल असं वाटून मी पट्टा लावला होता, तो दुप्पट झाला.

मग चिडून मी टक्कर लावली. दोन सारखेच गोळे, एक उभा, दुसरा त्याच्यावर येऊन आदळतो, आणि टक्कर अशी की ऊर्जा जराही वाया जात नाही. कॅरमची सोंगटी सोंगटीवर नेमकी समोरून बसते तसं. याचं उत्तर कुणालाही पाठ असतं. येणारा गोळा जागच्या जागी थांबतो आणि त्याचा सगळा वेग घेऊन दुसरा निघून जातो. मी येणारा गोळा झाले. आदळले. आणि थांबले नाही.

मऊ काहीतरी लागलं, जरा मागं ओढल्यासारखं झालं, आणि मी हळूहळू पुढंच जात राहिले. दुसऱ्याला चिकटून गेल्यासारखी. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. अकरा वेळा लावलं. अकराव्या वेळी मला कारण समजलं. टक्कर सेकंदाच्या हजाराव्या भागात होते आणि धक्का भयंकर मोठा असतो. तेवढा धक्का पट्ट्यानं दिला तर पोरं चक्कर येऊन पडतील, म्हणून त्याला कमाल मर्यादा घातलेली असणार. मर्यादेच्या वरचा भाग कापला जातो. गोळ्याला थांबवायला जेवढा धक्का लागतो त्यातला निम्माच कानाला पोचतो, आणि कान सांगतो, आपण अजून निम्म्या वेगानं चाललोय. चिकटणाऱ्या मातीच्या गोळ्यांचं उत्तर हे, उसळणाऱ्या गोळ्यांचं नव्हे.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं यात नवल नाही. धडा नवा, सरावाचे प्रश्न त्याच कंपनीचे, आणि टकरीचे जे होते ते आकडे देऊन करायचे. ते पोरं सूत्रानं बरोबर सोडवत. धड्यातली चूक सापडायला उत्तर आधीच पाठ असलेलं आणि कानावर जराही विश्वास नसलेलं माणूस लागतं. म्हणजे माझ्यासारखं जळणारं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पट्टा जागेवर ठेवला, कडी काढली, आणि व्हरांड्यात उभी राहून मी चक्क एकटीच हसले. सापडला. तुमचा देव सापडला मला, मातीचा निघाला. सोमवारी विनीतला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

सोमवारी तोच माझ्या टेबलाशी आला. चेहरा नुसता फुललेला. "मॅडम, शनिवारी तुम्ही पट्टा लावलात ना? नोंदीत दिसलं मला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"खडू एकदा, आणि टक्कर अकरा वेळा!" तो म्हणाला. "मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी विचार करायलो होतो, मॅडमला बघवत नसंल हे सगळं. कसा वाटला टकरीचा धडा? काही बदलायचं आहे का? तुम्ही सांगितलं तर कंपनीला लगेच कळवतो. ते ऐकतात आपलं."

तेवढंच वाक्य बोलायचं होतं. समोर त्याच्या तुकडीतल्या बासष्ट पोरांची परीक्षा होती, त्यात एक माझी होती, आणि सात आठवडे हातात होते. पण मला दिसलं की हा कंपनीला कळवणार, कंपनी पंधरा दिवसांत धडा दुरुस्त करणार, आणि मग त्या यंत्रात काहीच उणं उरणार नाही. मग मी कशाला?

"छान आहे," मी म्हणाले. "आवडला मला."

घरी ऊर्मी पाणी प्यायच्या आत बोलायला लागली. "आई, आज टक्कर केली! तू पण केलीस म्हणे? सरांनी सांगितलं. कसलं मऊ वाटतंय ना? मला वाटायचं टक्कर म्हणजे खाडकन असंल. तसं नाहीच. थोडं अडतं आणि पुढं सरकतं."

मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही. "हो का?" मी म्हणाले.

माझ्या मनात काय होतं ते आता लपवून उपयोग नाही. मला वाटत होतं, पडू दे. चार प्रश्न चुकू देत. मग कळेल बाण कशाला काढायचे ते. मग येईल परत माझ्याकडे, स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी स्टूल घेऊन, वही मांडीवर ठेवून. स्वतःच्या पोरीचं वाईट चिंतणारी आई मी कधी पाहिली नव्हती. त्या सात आठवड्यांत रोज वेणी घालताना आरशात बघत होते.

चिठ्ठ्या चालूच होत्या. उन्हाळी वर्गालाही डबा लागतोच. रविवार सोडून रोज एक. उतार, लिफ्ट, कप्पी, उपग्रह, नदी ओलांडणारी नाव. टकरीवर मात्र लिहायला हात धजेना, कारण टकरीवर लिहिलं असतं तर खरं लिहावं लागलं असतं. आणि रोज चिठ्ठी परत यायची, घडी तशीच, उत्तर नाही.

परीक्षा चार मेला, लातूरला. सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. डबा भरताना मी एक चिठ्ठी लिहिली. 'पट्टा टक्कर मऊ करून दाखवतो. त्यावर विश्वास ठेवू नकोस. सारखे गोळे, उसळती टक्कर: पहिला पूर्ण थांबतो. मनात बाण काढ.' दशम्यांखाली ठेवली आणि झाकण लावलं. लिहिल्यावर मला हलकं वाटलं. सांगितलं बाई एकदाचं, असं वाटलं.

गाडीत ती खिडकीशी डोळे मिटून बसली होती. नळेगावच्या पुढं ड्रायव्हरनं ब्रेक मारला. "पाव जी," ती न बघता पुटपुटली आणि स्वतःशीच हसली. दीड तास माझ्या खांद्याला तिचा खांदा लागून होता. तोंड उघडलं असतं तर दहा सेकंदांचं काम होतं.

केंद्राच्या फाटकाशी मी डबा पुढं केला. "आधी दोन घास खाऊन घे."

"नको आई. आत्ता भूक नाही. परत आल्यावर खाते." आणि तिनं डबा माझ्याच हातात दिला.

ती आत गेली. फाटक बंद व्हायला अजून आठ-दहा मिनिटं होती. ती पटांगणात रांगेत उभी होती, मला दिसत होती. हाक ऐकू गेली असती. मी डबा छातीशी धरून उभी राहिले, आणि तेव्हा मला माझा डाव समजला. ऊर्मी चिठ्ठी उघडत नाही हे मला महिनोन्महिने माहीत होतं. म्हणूनच मी तिथं लिहिलं. मी सांगितलं असं मला म्हणता यावं आणि तिला ते कळू नये, अशी घरातली एकमेव जागा मी शोधून काढली होती.

"ऊर्मी!" मी ओरडले. खरंच ओरडले. पण तोवर रांग आत सरकली होती, आणि माझ्यासारख्या अजून शंभर आया आपापल्या पोरांच्या नावानं ओरडत होत्या.

तीन तासांनी ती बाहेर आली ती उड्या मारतच. "अंदाज मस्त गेला! टकरीचे चार होते, चारही पाच सेकंदांत! आई, भूक लागलीय."

परतीच्या गाडीत तिनं डबा उघडला. मी खिडकीबाहेर बघत होते. दोन दशम्या तिनं बोलत-बोलत खाल्ल्या, मग तिसरी उचलली, आणि बोलणं थांबलं.

मी वळून बघितलं तर चिठ्ठी तिच्या मांडीवर होती आणि ओठ हलत होते. ती चार प्रश्न आठवत होती. एकेका बोटावर मोजत. चार बोटं झाली.

"चारही चुकले," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळीच सुचलं, म्हणता आलं असतं. पण विनीतच्या नोंदीत अकरा वेळा लिहिलेलं होतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

"मार्चमध्ये. त्या शनिवारी."

ती हिशेब करत राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्याच्यानंतर बेचाळीस चिठ्ठ्या झाल्या," ती म्हणाली. "मी सगळ्या वाचल्यात, आई. रोज वाचायचे. उत्तर लिहायला वेळ नसायचा, सुट्टीत पट्ट्याचा नंबर लावावा लागायचा. डबा खाता-खाता मनात सोडवायचे आणि घडी घालून परत ठेवायचे. तू बाण काढायला लावायचीस ना, ते पण काढायचे, मनात." तिनं चिठ्ठी नीट घडी केली, होती तशी. "टकरीवर एकही आली नाही, तेव्हा मला वाटलं, आईला माहीतंय आपलं टकरीचं पक्कं आहे. मी शेवटच्या आठवड्यात टक्कर वाचलीच नाही. म्हटलं, कच्चं असतं तर आईनं विचारलं असतं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला नाही. धरलाही नाही. गाडीनं पुढं कुठंतरी करकचून ब्रेक मारला, सगळे पुढं झुकले, आणि ती काही बोलली नाही.

तिनं चिठ्ठी रिकाम्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि डबा माझ्या पिशवीत सरकवला. सात वर्षांची सवय होती.

चार प्रश्नांचे गुण गेले, चुकीच्या उत्तरांचे आणखी कापले गेले. तेवढ्यानं तिचा क्रमांक त्या संस्थेच्या यादीखाली गेला. विनीतच्या तुकडीतली बाकी एकसष्ट पोरंही टकरीत गेली. मी विनीतला सगळं सांगितलं, उभ्यानं, त्याच्या टेबलाशी. त्यानं पट्ट्याची नोंद उघडली, तो शनिवार काढला, अकरा या आकड्याकडे बघत राहिला, आणि मग कंपनीला पत्र लिहायला बसला. त्या दिवसापासून तो मला दारात भेटला की बाजूला होतो, आधी जा म्हणून. वाकून नमस्कार करत नाही.

कंपनीनं उत्तर पाठवलं की मर्यादा काढता येणार नाही, कानाला धोका आहे. टक्कर शिकवताना पट्टा काढून ठेवावा. त्यामुळे टकरीचा सगळा धडा आता माझ्याकडे आहे. दोन्ही तुकड्यांची पोरं पट्टे बाजूला ठेवून माझ्या वर्गात येतात, ठोकळे काढतात, बाण काढतात. मला जे हवं होतं ते मिळालं. येणारा गोळा जागच्या जागी का थांबतो हे मी त्यांना समजावते, आणि ते गप्प होतात. पूर्वी मी त्या शांततेची वाट बघायचे. आता ती लवकर संपावी म्हणून मी पुढचं गणित घालते.

ऊर्मी पुण्याला शिकते, फिजिक्सच. सुट्टीत येते, बाबांशी हसते, माझ्याशी नीट बोलते. नीटच बोलते फक्त. वसतिगृहाला डबा पाठवता येत नाही, म्हणून मी रोज सकाळी कागदावर एक गणित लिहून त्याचा फोटो तिला पाठवते. पहिल्याच दिवशी टकरीचं पाठवलं. तिच्याकडून उत्तर येत नाही. वर्ष झालं, एकदाही आलेलं नाही.

पण ती वाचते. एवढं मला आता माहीत आहे.